चुकणाऱ्या बाई

सातवीचा वर्ग म्हणजे डोक्याला ताप. पोरं ना धड लहान, ना धड मोठी. उत्तर चुकलं तर सगळा वर्ग खिदळतो, आणि बरोबर आलं तर "आली मोठी शहाणी!" म्हणून पुन्हा खिदळतो. मग तोंड उघडेल कोण? सगळे आपले मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यात गाड्या नाहीतर वेण्या काढत बसतात.

गणिताच्या बाईंनी यावर तोड काढली होती. फळ्यावर रोज मुद्दाम एक चूक करायची. कुठे, ते सांगायचं नाही. ज्याला सापडेल त्याने उठायचं, "बाई, चुकलात!" असं खणखणीत म्हणायचं, डस्टर घेऊन चूक पुसायची आणि ती का चूक, ते वर्गाला समजावायचं. "या वयात पोरांना शिकायचं नसतं हो," बाई म्हणायच्या, "मोठ्यांना चूक ठरवायचं असतं. मग ठरवू द्या की! तेवढ्या निमित्ताने फळा तरी वाचतील."

आणि वाचायची ती! खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. तिला सगळे 'मुकी' म्हणायचे. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. एके दिवशी तीच उठली, म्हणाली, "बाई, चुकलात," आणि वजाबाकीचं चिन्ह दुरुस्त करून बसली. त्यानंतर ती रोज उठायला लागली. बाईंचे यजमान शिंपी. शिलाई मशीनवरून डोकं वर न करता ते म्हणायचे, "शाळेत रोज चुकतेस, घरात मात्र कधी चुकली नाहीस!"

एवढं सगळं, पण बाई हंगामीच. दर वर्षी नवा हुकूम, दर वर्षी तीच धाकधूक. यंदा तपासणीचे साहेब येणार होते. त्यांचं मत चांगलं पडलं तर बाई कायम, नाहीतर नारळ. यजमान काकुळतीने म्हणाले, "उद्या तरी सरळ शिकव गं."

बाईंनाही रात्रभर तसंच वाटत होतं. पण सकाळी वाटलं, जे आपल्याला येतं तेच लपवायचं, तर मग दाखवायचं काय?

साहेब मागच्या बाकावर बसले. बाईंनी फळ्यावर लिहिलं: एक छेद दोन अधिक एक छेद तीन, बरोबर दोन छेद पाच. खडू ठेवला आणि त्या वळल्या.

वर्ग चिडीचूप.

"सगळं ठीक आहे ना? बघा बरं."

"हो, बाई!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

"अरे, नीट बघा! छेद बघा!"

"बरोबर आहे, बाई!"

बाईंनी मुकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. बाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, मी ही चूक मुद्दाम करते. मुलं पकडतात," त्या कशाबशा म्हणाल्या.

"हो का?" साहेब हसले. "मग आज का नाही पकडली?"

मधल्या सुट्टीत मुकी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. चेहरा फुललेला. "बाई, आम्हाला सगळ्यांना दिसली होती! पण कालच ठरलं होतं आमचं, साहेबांसमोर तुमची चूक काढायची नाही. तुम्हाला काही येत नाही असं वाटलं असतं ना त्यांना! एकानेही तोंड उघडलं नाही, बघितलंत?"

बघितलं हो, चांगलंच बघितलं! हसावं की रडावं? ज्या पोरांना वर्षभर बोलतं केलं, ती नेमकी मायेपोटी गप्प बसली होती. "शहाणी गं माझी," एवढंच बाई बोलल्या.

बाईंनी मुख्याध्यापकांना सगळं सांगून पाहिलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे अख्खा वर्ग साहेबांशी खोटं बोलला? बाई, हे तर आणखी वाईट."

सातवी दुसऱ्या सरांकडे गेली. बाईंना वर्ष संपेपर्यंत वाचनालयात बसवलं, पुस्तकांना कव्हरं घालायला. पुढचा हुकूम निघणार नव्हता.

एकदा बाई त्या वर्गावरून जात होत्या. सरांनी घाईघाईत गुणाकार चुकवला होता, खराखुरा. मुकी ती चूक सुबक अक्षरात वहीत उतरवून घेत होती. बाई दारात थबकल्या, दोघींची नजरानजर झाली, आणि पोरीने पुन्हा वहीत डोकं घातलं.

सुट्टीत बाईंनी तिला वाचनालयात गाठलं. "दिसली होती ना गं चूक? मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते मागच्या आठवड्यात. सरांनी तासभर बाहेर उभं केलं." ती कव्हराचा कागद बोटाने दुमडत राहिली. "बोललं तर आम्हाला बाहेर काढतात. नाही बोललं तर तुम्हाला काढलं. मग करायचं काय, बाई?"

घंटा झाली. बाईंना उत्तर सुचेना. चुकीचंसुद्धा नाही.