मुलाचा लॅपटॉप

कर्वेनगरला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. खडकीहून एक निवृत्त गृहस्थ टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन आले. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि वायफाय चालत नव्हतं.

"विंडोज टाकून देतो, लगेच चालेल," मी म्हणालो.

"नको. हे माझ्या मुलानं बसवलंय. तो गेला. केबल लावून नेट वापरायचा, वायफायसाठी फार खटपट करत होता, तेवढं राहिलं त्याचं."

मी वायफाय कार्डाचा ड्रायव्हर शोधत बसलो. ते समोर बसून टॉवेलाची घडी घालत होते, मोडत होते. दुपारी नेट एकदाचं लागलं, तशी चॅटची खिडकी आपोआप उघडली. मुलाचं नाव ऑनलाइन दिसताच कुणा मित्रानं विचारलं, "अरे, होतास कुठे इतके दिवस?"

गृहस्थांनी एका बोटानं अक्षरं शोधत लिहिलं, "मी त्याचा बाबा." पुढे बोट हलेना.

"तुम्ही लिहिता का?" ते म्हणाले. "सगळ्या नातेवाइकांना मीच सांगितलं हो. आता परत नाही सांगवत."

ते दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी कीबोर्ड पुढे ओढला आणि त्या अनोळखी मुलाला ती बातमी कळवली.