शेठ नसलेलं वाक्य

गिरण्यांचा संप फसला, बाबा घरी बसले आणि आई मरोळच्या एका कारखान्यात कामाला लागली. पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापायचं मशीन होतं. हात आत जाऊ नये म्हणून मशीनपुढे लोखंडी जाळी होती. जाळीमुळे काम हळू होतं म्हणून शेठने ती काढायला लावली. दोन महिन्यांत आईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. शेठने तिला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी बाई बसवली.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आई सांगायची तसंच मी सगळं लिहून काढलं. ‘शेठने जाळी काढली. मशीनने आईची दोन बोटं तोडली.’ पार्ल्याला एका मासिकाचे संपादक राहायचे, त्यांच्याकडे कागद नेऊन दिले. त्यांनी चहा पाजला, कौतुक केलं आणि मग लाल पेन उघडलं. म्हणाले, वाक्यं फार तोकडी आहेत, वाचकाच्या अंगावर येतात. ‘तोडली’ भडक वाटतं. आठवणी लिहिताना कुणावर आरोप करू नये. माझी दोन वाक्यं खोडून त्यांनी एकच लिहिलं: ‘एका दुर्दैवी अपघातात आईला आपली दोन बोटे गमवावी लागली.’

वाक्य गुळगुळीत होतं. त्यात शेठ नव्हता, जाळी नव्हती, मशीनसुद्धा नव्हतं. आई तेवढी होती, आणि बोटं जणू तिनेच कुठेतरी हरवली होती. हे मला तिथेच, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. तरी मी म्हणाले, “छान झालंय, सर.” मला छापून यायला हवं होतं.

अंक आला तेव्हा आईने शेजारच्या दोघींना बोलावलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचलं. त्या वाक्यापाशी मी जरा घाई केली. शेजारणी भारावून गेल्या. त्या गेल्यावर आईने विचारलं, “ह्येच्यात शेठ खंय गेलो?”

साहित्यात असं सरळ लिहीत नाहीत, असं मी तिला समजावलं. संपादकांचेच शब्द होते ते, पण माझे असल्यासारखे वापरले.

“बरां,” ती म्हणाली. “तू शिकलेलां. तुका म्हायत.”

त्याआधी ती ही गोष्ट कुणालाही सांगायची, शेठला शिव्या घालत, तुटका हात नाचवत. नंतर तिने ते सोडलं. मला वाटलं, विसरली असेल. मी पुढे पुष्कळ लिहिलं, माझ्या संयत शैलीचं नाव झालं.

काही वर्षांनी आईची साखर वाढली म्हणून तिला अंधेरीच्या एका दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरने हात पाहून सहज विचारलं, हे कशाने झालं. मी बाजूलाच उभी होते. आई सावरून बसली आणि माझ्याकडे न बघता, शाळेतल्या मुलीसारखं एकेक शब्द जुळवत म्हणाली, “अपघातात गमवावी लागली.”

डॉक्टरने कागदावर तेवढं टिपून घेतलं आणि जेवणात गोड किती असतं, ते विचारायला लागला.