जेवून गेला

दोन हजार तेवीस साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. चौथी नापास माणूस, पण कुणापुढं मान खाली घातली नव्हती. बाराव्या वर्षी सांगोल्याकडून सोलापुरात आलो तो थेट मागाच्या कारखान्यात. पन्नासहून जास्त वर्षं टॉवेल विणले, त्यातली शेवटची काही स्वतःच्या दोन मागांवर.

त्या साली माझं शरीर माझं ऐकेना. ताट पुढं आलं की घशात गोळा यायचा. डावा हात थरथरायचा. सकाळी खाटेवरून उठायचं कशाला, हेच कळायचं नाही. रक्त झालं, छातीची पट्टी झाली, पोटाचा फोटो झाला. सगळं चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "मनाच्या माणसाकडं जाऊन या." मी तिथूनच उठलो. मला काय वेड लागलंय?

लेक पुण्याला असते. तिचा फोन आला. "बाबा, वेड्यांसाठी नसतं ते. नुसतं बोलायचं असतं."

"बोलायला तुजी आय हाय की घरात."

"आईशी तरी कधी बोलता तुम्ही?"

तिचं खरं होतं, म्हणून मी फोन ठेवून दिला.

हिच्याशी बोलायची मला भीती वाटायची. आमचा मुलगा सहा वर्षांपूर्वी गेला. दुधनीला आडतीच्या दुकानात कामाला होता, रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन करायचा. त्या सकाळी अक्कलकोटच्या अलीकडं ट्रकनं त्याला उडवलं. त्याच्यामागं हिनं एकच गोष्ट धरून ठेवली होती. कुणीही भेटायला आलं की म्हणायची, "उपाशी न्हाय गेला माजा लेक. जेवून गेला." वर्षश्राद्धाला म्हणायची, भाजीवालीला म्हणायची, एकटी असली तरी म्हणायची.

आणि तो जेवून गेला नव्हता. हे एकट्या मला ठाऊक होतं.

शेवटी लेकीच्या हट्टापायी हो म्हणालो. मनाशी ठरवून गेलो, की काय विचारतील त्याला उत्तर देईन, पण ही गोष्ट काही तोंडातून काढणार नाही.

शुक्रवार पेठेत एका दुकानाच्या वर ती जागा होती. बाहेर बाकडं, आत खोली, मधे प्लायवूडची भिंत. ही बाकावर बसली. मी सगळ्या रिपोर्टांची पिशवी घेऊन आत गेलो. सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, कारण तपासणी म्हटली की उपाशीपोटी जायचं एवढं मला माहीत होतं. आत माझ्या लेकीहून लहान एक बाई. टेबलावर ना सुई, ना यंत्र.

"काका, पिशवी राहू द्या खाली. आधी पाणी प्या."

"चालतंय का?"

"चालतंय की." ती हसली. मग तिनं सगळं समजावून सांगितलं. ती औषध देत नाही. आठवड्यातून एकदा यायचं, पाऊण तास बसायचं. हे करा, ते करा असं ती सांगणार नाही, आपण दोघं मिळून बघायचं. सुरुवातीला बरं वाटण्याऐवजी जास्त जड वाटेल, तेव्हा घाबरून सोडायचं नाही. "आणि इथं बोललेलं मी बाहेर कुणाला सांगत नाही. घरच्यांनाही नाही. कुणाच्या जिवावर बेतणारं असलं, तरच सांगावं लागतं."

"मग फायदा किती दिसांत?"

"ते मी आज नाही सांगू शकत, काका."

मला हे आवडलं. माग दुरुस्त करायला आलेला जो माणूस आवाज ऐकायच्या आधीच 'तासाभरात होतंय' म्हणतो, त्याला काही येत नसतं.

तिनं गाव विचारलं, काम विचारलं, झोप विचारली. मग म्हणाली, "जेवायला बसलात की काय येतं डोळ्यापुढं?"

आई, बाप, लहानपण असलं काही विचारेल म्हणून मी तयार होतो. ह्याला तयार नव्हतो. तोंडातून निघून गेलं, "कुत्रं."

"कुठलं कुत्रं?"

मग मी सांगितलं. त्या सकाळी ही देवळात गेली होती. जाताना त्याच्यासाठी दोन भाकरी आणि शेंगाचटणी झाकून गेली होती. तो म्हणाला, बाबा, माग भंगारात द्या आता, रोज तोटा खातोय आपण. मी म्हणालो, तू माझ्या पोटचा नाहीस, ह्या दारात परत पाय ठेवू नकोस. तो ताटावरून उठला. मी अडवलं नाही. उपाशी गेला तर जाऊ दे, भूक लागली की येईल वळणावर, असं म्हणून ती भाकरी मी गल्लीतल्या कुत्र्याला टाकली. ही आली, रिकामं ताट बघून म्हणाली, जेवून गेला व्हय? मी म्हणालो, व्हय. तेवढ्यापुरतं, भांडण टाळायला. दोन तासांनी फोन आला.

मी हे सांगत असताना तिनं एकदा हात वर केला. "काका, थोडं हळू बोललात तरी मला ऐकू येतंय." मी आवाज खाली आणला.

पण मागावर जन्म काढलेल्या माणसाचं हळू म्हणजे काय, हे मागाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. चाळीस माग एका छपराखाली चालतात तिथं कानाशी ओरडल्याशिवाय शब्द पोचत नाही. आम्ही घसा तरी फोडायचो, नाहीतर हातानं बोलायचो. एक बोट वर म्हणजे धागा तुटला. पंजा पालथा धरून खाली दाबला म्हणजे माग बंद कर. माझे कान निम्मे गेलेले. मला वाटलं मी कुजबुजतोय. त्या बाईनं बिचारीनं आपला शब्द पाळला असता. पाळला नाही तो माझ्या गळ्यानं.

दार उघडलं. ही बाकावर नव्हती. जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती, पाठमोरी. शेजारी बसलेला एक माणूस माझ्याकडं बघून लगेच खाली बघायला लागला. तेव्हा मला कळलं.

"काका, काकूंना आत बोलावू का?" ती बाई मागून म्हणाली. ही तोपर्यंत निम्मा जिना उतरली होती.

रिक्षात मी म्हणालो, "अगं, ऐक तरी—"

हिनं माझ्याकडं न बघता पंजा पालथा धरला आणि खाली दाबला. हिनंही वीस वर्षं कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या.

घरी आल्यावर हिनं हातपाय धुतले. स्वैपाक केला, माझं ताट वाढलं, आणि आपलं न वाढता भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. रडली असती तर बरं झालं असतं. लेकीचा फोन आला, कसं वाटलं म्हणून. मी म्हणालो, पाणी प्यायला देतात तिथं. सहा वर्षं हिच्याजवळ तेवढीच एक गोष्ट होती, आणि ती मी पाऊण तासात काढून घेतली होती. पहिल्यांदा जड वाटेल असं ती बाई मला म्हणाली होती. हिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही उठली नाही. मी स्टो पेटवला. जन्मात भाकरी थापली नव्हती, त्या दिवशी थापली. पीठ चिरत होतं, डावा हात साथ देत नव्हता. तीन मोडल्या, चौथी एका बाजूनं करपली, पण अख्खी निघाली. शेंगाचटणी घातली आणि ताट हिच्या पाठीशी नेऊन ठेवलं. ही वळली नाही. एवढ्यात उघड्या दारात गल्लीतलं कुत्रं येऊन उभं राहिलं. मी त्याला हाकललं, दार लावलं, आणि ताटाजवळ बसून राहिलो.