मी कॉम्प्रेसर पास केला

हसा खुशाल, पण मधेच उठून चहा बघायला आत जाऊ नका. हा घोळ असा आहे की एक दुवा सुटला तर मी ठार वेडी वाटेन. शेवटी वाटणारच आहे म्हणा, पण निदान क्रमानं तरी वाटू दे!

मी हेल्मेटं रंगवते. सांगवीला आमच्या घरामागं पत्र्याची एक खोली आहे, तिथं माझं वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे काय, एक टेबल, एक पंखा आणि दोरीवर ओळीनं वाळत घातलेली हेल्मेटं. सकाळी दार उघडलं की वाटतं, आत माणसंच टांगलीयत. मी रोज दचकते. पण काम बघा माझं! एका काकांना हेल्मेटवर त्यांच्या शर्यतीच्या बैलाचा चेहरा हवा होता. असा उतरवला, की काकांनी हेल्मेट डोक्यावर घालायच्या आधी त्याची पाठ थोपटली.

तर रंगाच्या गनला हवा लागते आणि हवेसाठी कॉम्प्रेसर. माझा जुना, कुणाकुणाच्या हातून फिरत आलेला, एक दिवस खोकून खोकून गेला. आता नवा घेणं भाग होतं.

बाबा चाकणला कंपनीत मेंटेनन्सला आहेत. ते म्हणाले, "रविवारी मी येतो बरोबर. बघून घेऊ."

"नको. मी एकटी जाणार."

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "तू? कुकरची शिट्टी झाली की कान धरून गॅलरीत पळतेस तू!"

बाबांनी मात्र चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "जाऊ दे तिला. हे बघ, एकटीनं जायचं आणि चालणारं मशीन आणायचं. आणलंस तर ती खोली कायमची तुझी. नाही जमलं, तर कंपनीतली दोन पोरं भाड्यानं मागतायत, त्यांना हो म्हणून टाकतो."

कळलं ना काय पणाला लागलं होतं? माझी खोली! माझी दोरी! माझी माणसं, म्हणजे हेल्मेटं!

मग मी अभ्यासाला लागले. कॉम्प्रेसर कसा घ्यावा यावर एक व्हिडिओ बघितला, आणि तो कसा फुटतो यावर उरलेले सगळे. भोसरीच्या एमआयडीसीत एक जण स्वतः कॉम्प्रेसर बनवतात असं कळलं. आदल्या दिवशी फोन केला, "उद्या सकाळी कॉम्प्रेसर बघायला येते." पलीकडून कुणीतरी म्हणालं, "या की मॅडम, तयारी करून ठेवलीय."

तयारी? मला वाटलं, पुसूनबिसून ठेवला असेल.

एमआयडीसीत जायचं म्हणून मी सेफ्टी शूज घातले. गॉगल गळ्यात अडकवला. आणि हात मोकळे असले की ते कुठं ठेवायचे हे मला कळत नाही, म्हणून कॉलेजातली एक काळी फाईल छातीशी धरली. गल्लीतल्या दत्तूदादाचा टेम्पो ठरवला होता, तो चौकात थांबवला आणि चालत गेटवर गेले.

वॉचमननं मला बुटांपासून फाईलपर्यंत बघितलं.

"कॉम्प्रेसरसाठी का मॅडम?"

"हो."

त्यानं खाडकन सॅल्यूट ठोकला! मी दचकून मागं सरकले. तो आत पळाला. "शेठ, आल्याऽऽ!"

आता मला तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण मला स्वतःलाच रहस्यबिहस्य सोसत नाही. हे शेठ एका मोठ्या कंपनीला माल देतात. आपल्याकडं अशी कंपनी दर वर्षी माणूस पाठवून कारखाना तपासते. ऑडिट म्हणतात त्याला. पास झालात तर ऑर्डर चालू, नापास झालात तर गेली. आणि त्यांचं ऑडिट नेमकं त्याच सकाळी होतं. ऑडिटर कोण येणार, बाई का बुवा, कुणालाच ठाऊक नव्हतं.

दारात रांगोळी. ओवाळणीचं ताट. मला कुंकू लावलं, गुलाबाचं फूल दिलं. आतल्या पिवळ्या पट्ट्या इतक्या ताज्या, की माझ्या बुटाला रंग लागला. कामगार ओळीत उभे, डोक्यावर नवी हेल्मेटं, एकाच्या हेल्मेटला प्लॅस्टिकही तसंच. मी मनात म्हटलं, वा! याला म्हणतात गिऱ्हाईकाची कदर! उगाच लोक दुकानात जातात.

मालक पुढं आले. बबनशेठ. तिथल्याच जुन्या गावातले, पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर घाम.

"या मॅडम, या. च्या घेनार का आदी मशीन बघनार?"

"आधी मशीन," मी म्हणाले. चहा हातात असला आणि मी दचकले तर सांडतो, एवढंच कारण. पण शेठनी सुपरवायझरच्या कानात म्हटलेलं मला ऐकू आलं, "कदम, बाई लई कडक हाय."

मला कडक म्हणाले! जन्मात पहिल्यांदा! मी ताठ झाले.

मधोमध एक लालभडक कॉम्प्रेसर उभा होता. काय देखणा! टाकीत माझा चेहरा दिसत होता. मी सुरक्षित अंतरावरून पहिला प्रश्न विचारला.

"हा फुटला तर?"

शेठनी रुमालानं कपाळ पुसलं.

"मॅडम, आजपातुर एक बी फुटला न्हाई आपला."

"पण फुटला तर?"

शेठ कदमांकडं वळले. "लिहून घ्या. फुटला तर."

"आणि हा आपोआप बंद होतो? चालू करून दाखवा."

त्यांनी चालू केला. धडधडधड! काटा वर चढायला लागला, तशी मी एकेक पाऊल मागं, पार खांबाच्या आड. कदम पोरांना हळूच म्हणाले, "बघा, मॅडम सेफ डिस्टन्स ठेवून ऱ्हायल्यात. शिका कायतरी." ओळीतले सगळे जण एकेक पाऊल मागं झाले!

टाकी भरली, मोटार बंद झाली आणि उरलेली हवा सुटली. फुस्स्स!

"आई गंऽऽ!" माझी फाईल उडाली.

शेठ धावत आले. "काय झालं मॅडम? कंचा पॉईंट?"

"आवाज!" मला एवढंच सुचलं.

"लिवा कदम. आवाजाचा पॉईंट."

तेवढ्यात माझं लक्ष मोटारीच्या पट्ट्याकडं गेलं. चाकावरून गरगर फिरलेला तो पट्टा, नुसता उघडा! माझ्या डोळ्यांपुढं व्हिडिओ उभा राहिला.

"ह्यात ओढणी अडकली तर? ह्याच्यावर झाकण का नाही?"

शेठ खाली वाकले आणि पांढरेफटक झाले. "कदम! जाळी कुटाय?"

"रंग द्यायला काढली व्हती शेठ, वाळत घातलीय..."

"आनि बसवनार कवा, माझ्या तेराव्याला? पळ!"

चौघं पळाले. जाळी आली, बसली, बोल्ट आवळले गेले. मी मान डोलावली. खरं सांगू का, मला फार म्हणजे फारच छान वाटत होतं. आमच्या घरात माझ्या भीतीला कोणी काडीची किंमत देत नाही, आणि इथं ती लिहून घेत होते!

मग काजू आले, वेफर आले. मी घसा साफ केला. "मग... हा मी घेऊन जाऊ का?"

शेठच्या तोंडाशी आलेला काजू तिथंच थांबला. "ह्यो?"

"हो. हाच आवडला मला."

शेठनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि मला खांबाआड नेलं. "मॅडम, आसं चारचौघांत बोलू नगा. पत्ता द्या, गुपचूप घरी धाडतो."

"गुपचूप कशाला? आत्ताच न्यायचाय. टेम्पो आणलाय मी."

"टेम्पो घिऊनच आलात?"

"चौकात उभा आहे."

शेठ मटकन खुर्चीत बसले. "मागल्या वर्साचे सायेब निस्ती डायरी घिऊन गेले वो..."

मला काहीच कळेना. डायरी कशाला? मी म्हटलं, "आणि पैसे ऑनलाइन चालतील ना? बिल मात्र पक्कं हवं हं. जीएसटीचं."

झालं! शेठ ताडकन उभे. दोन्ही हात वर. मान वळवून वळवून कॅमेरा शोधायला लागले. "मॅडम, बालबच्चेवाला मानूस हाय मी! ट्रॅप लावू नगा! आमी कुनाला कायबी देत न्हाई! लिव कदम, देत न्हाई!"

"अहो पण मला हवाय!"

"देत न्हाई म्हन्जे न्हाई!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. एवढं कुंकू लावलं, काजू दिले आणि विकायची वेळ आली तर नाही? एकटी मुलगी बघून? मी, जी रिक्षावाल्याला 'इथंच थांबवा' म्हणायला लाजून पुढच्या चौकात उतरते, ती मी, फाईल टेबलावर आपटून म्हणाले, "मी हा घेतल्याशिवाय इथून हलणार नाही!"

आणि मागून आवाज आला. "एक्स्क्यूज मी. मी सकाळपासून गेटवर बसलोय. ऑडिटला आलोय."

साधा चौकड्याचा शर्ट, खांद्याला सॅक. शेअर रिक्षानं आलेले. वॉचमन त्यांच्या मागं धापा टाकत, "शेठ, मी सांगितलं यांना, आज ऑडिट चालूय, उद्या या!"

शेठनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. "मग तुमी कोन वो?"

"मी... सांगवीची. हेल्मेटं रंगवते."

मला नीट बघायला कदम पुढं वाकले आणि त्यांचा हात मशीनला कुठंतरी लागला. फुस्स्स! मी किंचाळले. ऑडिटर साहेबही किंचाळले. आमच्या दोघांत ऑडिटरपणाचं तेवढंच काय ते साम्य.

पुढचं फार भराभर झालं. शेठना मला रागवायचं होतं का हसायचं होतं, ते ठरवायलाही सवड नव्हती. "पुढं हाय त्योच चढवा टेम्पोत! बिल द्या पक्कं! मॅडम, निघा आता, पाया पडतो!" मी पैसे पाठवले, गुलाबाचं फूल कानामागं खोचलं आणि दत्तूदादाच्या शेजारी जाऊन बसले.

सांगवीत शिरताना मी दत्तूदादाला मुद्दाम मोठ्या रस्त्यानं घ्यायला लावलं. एकटीनं आणलेलं मशीन! दिसू दे की लोकांना! शेजारच्या काकू बाहेर आल्या, बैलवाले काका टाकीवर हात फिरवून गेले. आईनं टाकीवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. बाबा नुकतेच पहिल्या पाळीवरून आले होते. त्यांना मी फुटण्यापासून जाळीपर्यंत सगळे प्रश्न अभिनयासकट करून दाखवले. "एवढे प्रश्न विचारले बाबा, की कारखाना हादरला!"

"शाब्बास," बाबा म्हणाले. खरंच म्हणाले! "लाव आता."

मी वायर उचलली. आई वाकून बघायला लागली. "अगं, ह्याला पिन कुठाय?"

पिन नव्हतीच. नुसत्या रंगीत वायरी, एक लाल, एक पिवळी, एक निळी, फुलासारख्या उमललेल्या. मी म्हटलं, विसरले वाटतं बसवायला.

बाबा मोटारीवरच्या पत्र्यावरची अक्षरं वाचत होते. वाचून झाल्यावर ते पायरीवर जाऊन बसले. "बेटा, ही थ्री फेज आहे."

"म्हणजे चांगली ना?"

"फार चांगली. कारखान्यात. घरच्या विजेवर ही फिरतसुद्धा नाही."

बैलवाले काका हळूच आपल्या घरी गेले. मी दोरीवरच्या हेल्मेटांकडं बघितलं. प्रत्येकाच्या जागी मला भाड्यानं येणाऱ्या पोरांच्या बनियनी दिसायला लागल्या.

फोन मात्र मीच केला. बाबांना करू दिला नाही. "हॅलो, मी सांगवीची..."

"ऑडिटवाल्या मॅडम! बोला!" शेठ इतक्या आनंदानं ओरडले, की फोन पडायचाच बाकी राहिला.

दुसऱ्या दिवशी घरगुती विजेवर चालणारी मोटार घेऊन ते स्वतः आले. पायरीवर बसून आईचा चहा प्यायले, कदमांनी तोवर मोटार बदलली. बाबांनी विचारलं, "ऑडिटचं काय झालं?"

"पास! मशीन टेम्पोत चढवायच्या आदीच त्यो सायेब थेट तेच्या पट्ट्यापाशी गेला व्हता बगा. म्हनला, मागल्या वर्सी इथं जाळी नव्हती, औंदा नसती तर ऑर्डर गेलीच व्हती. आन् जाळी बसवून जेमतेम आर्धा घंटा झाला व्हता! हिच्या भीतीपायी वाचलो राव. आमच्या शेडात तीस मानसं, पन ह्या पोरीसारखं भ्यायला कुनाला जमलं न्हाई."

बाबा खोलीकडं बघत होते. खिशातून फोन काढून त्यांनी कुणाला तरी सांगितलं, "हां, ती खोली नाही जमायची. वर्कशॉप आहे तिथं मुलीचं."

मुलीचं! ऐकलंत ना? मी आत जाऊन सगळ्या हेल्मेटांना सांगून आले.

कॉम्प्रेसर सुरू झाला. धडधडधड! मी दचकले, पण खांबाआड गेले नाही. तिथं खांब नाहीये. छाती काढून शेठना म्हटलं, "पुढच्या वर्षी लागले तर बोलवा मला ऑडिटला."

शेठनी कप खाली ठेवला आणि अगदी मनापासून हात जोडले.

"दर वर्सी या मॅडम! मोटारीवरचा पत्रा, म्हन्जे जे बघायचं असतंय, तेवढं सोडून बाकी समदं बघता तुमी. आसा ऑडिटर मिळाला तर कुनाची टाप हाय आमाला नापास करायची!"