ऐकणाऱ्याचं दुखणं

“हृदय ठणठणीत आहे तुमचं,” परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर ईसीजीची पट्टी बघत म्हणाले. “काम काय करता?”

“थेरपिस्ट आहे. माझ्याकडे पत्रकार येतात.”

“मग तुम्हाला कोण बघतं?”

खरं सांगायचं तर मला रागच आला. बाकीच्या टेस्टही नॉर्मल आल्या. शेवटी त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, व्हायकेरियस ट्रॉमा. म्हणजे आघात दुसऱ्यावर झालेला, पण तो ऐकून ऐकून आपल्या अंगात मुरलेला. अहो, हे मी लोकांना समजावून सांगते! आणि स्वतः मात्र छातीत दुखतंय म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत बसले होते.

सुरुवात भिंतींपासून झाली. माझ्याकडे एक बातमीदार यायचे. त्यांना पाटकर म्हणू. जुनी इमारत कोसळली की तिथे आधी पोचणाऱ्यांतले. त्यांचं ऐकता ऐकता मी आमच्या भोईवाड्यातल्या घरात भेगा शोधायला लागले. वरच्यांनी पाट सरकवला तरी छातीत धस्स व्हायचं. अंथरूण दाराजवळ घालायला लागले. आई मालवणी, तिला आडपडदा नाही. “लोकांचां दुखणां घराक कित्याक आणतंस गो?” ती करवादायची.

चिठ्ठी घेऊन मी शिवाजी पार्कला सुलभाताईंकडे गेले. ट्रॉमाचं काम करणाऱ्या आम्हा थेरपिस्टांचं सुपरव्हिजन त्या करतात, म्हणजे आमचं काम तपासायचं आणि आम्हालाही सांभाळायचं. मी ते कधीपासून टाळत होते. पाटकरांना दुसऱ्या कोणाकडे पाठवायचं आणि हे काम सोडायचं, असं मनाशी ठरवूनच गेले होते.

“पाटकर काय सांगतात?” ताईंनी विचारलं.

मी सांगितलं. किती मजले होते, ढिगारा कसा उपसला, कोणते मंत्री येऊन गेले.

“अगं, ही तर पेपरात आलेली बातमी! ती तुला कशाला सांगतायत?”

आत्ता कुठे डोक्यात प्रकाश पडला. पाटकरांनी माझा चेहरा वाचला होता. वाचकाला झेपणार नाही ते कापायचं, ही त्यांची रोजची सवय. तसंच ते माझ्यासाठीही कापत होते. आणि मला हायसं वाटत होतं. दोघं एकमेकांना जपत होतो आणि बरं कोणीच होत नव्हतं.

“काम सोडायचं तर खुशाल सोड,” ताई म्हणाल्या. “पण आजारी असताना ठरवू नकोस.”

मग मी नवे पेशंट थांबवले आणि ताईंच्या बैठकीला नियमित जायला लागले. आम्ही थेरपिस्ट पोहे खात बसायचो. आधी प्रत्येकाने स्वतःला काय होतंय ते सांगायचं. मला ही सगळी नाटकं वाटली होती. पण मी भेगांचं सांगितलं, तर गिरगावची मैत्रीण म्हणाली, “तुझं बरंय गं, मी फोनची रिंग ऐकून मोरीत लपते.” कितीतरी दिवसांनी मी खो खो हसले. हळूहळू अंथरूण जागेवर गेलं. त्या पोह्यांचे आणि त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

मग एका भेटीत मी पाटकरांना म्हटलं, “माझ्यासाठी काही कापू नका. मला सांभाळायला आता माणसं आहेत.”

“मॅडम, झेपेल?”

“नाही झेपलं तर सांगेन.”

त्यांनी पाकिटातून एका मुलीचा पासपोर्ट फोटो काढून टेबलावर ठेवला. ती अजून ढिगाऱ्याखाली असतानाच त्यांनी तो तिच्या आईकडून मागून घेतला होता. पेपरात छापायला असा फोटो मागतातच. “परत देतो म्हणालो होतो,” एवढंच बोलले आणि हमसून हमसून रडायला लागले. माझेही डोळे भरले. पण मी खुर्ची सोडली नाही.

“नाव काय हिचं?” मी विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि मग सगळंच सांगितलं.

तुम्ही दुसऱ्यांची दुःखं ऐकत असाल, तर ईसीजीपर्यंत थांबू नका. तुमचं ऐकणारा एक माणूस शोधा. मी काम सोडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात पाटकर तो फोटो परत देऊन आले. त्या माऊलीने त्यांना घरात बसवून घेतलं आणि लेकीबद्दल बोलत राहिली. “मी काहीच विचारलं नाही, मॅडम,” ते म्हणाले. “नुसतं ऐकलं.”