हक्काची जागा

काष्टीला एसटीत गर्दीतून चढलो, एक रिकामी सीट दिसली, ती पटकावली आणि फोनवर विमान कंपनीला झापायला लागलो. पुढच्या महागड्या सीटचे पैसे घेऊन त्यांनी मला मागे बसवलं होतं. "माझ्या हक्काच्या जागेवर दुसरा बसतोच कसा? भरपाई द्या!"

शेजारी दांडी धरून उभे असलेले टोपीवाले बाबा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. कुणीतरी आपल्या बाजूचं भेटलं म्हणून मी आवाज आणखी चढवला.

"सोडू नका सायेब," ते म्हणाले.

नगर आलं तेव्हा ते वाकले. "आता तेवढं उठा. जागा धराया खिडकीतनं टाकलेला माझा टावेल तुमच्याखाली हाय."

टावेल झटकून, खांद्यावर टाकून ते उतरले. विमान कंपनीचा फोन वाजत होता. मी उचलला नाही.