कापशीचं दाताळं

तात्यांनी चव्वेचाळीस वर्षं सलून चालवलं, आणि एवढ्या वर्षांत केसांनी त्यांना एकदाही हार खायला लावली नव्हती. राठ केस, कुरळे केस, दोन-दोन भोवरे असलेली हट्टी डोकी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. एका शाळामास्तरांच्या डोक्यावर तर उरलेसुरले वीस-पंचवीस केस होते. तात्या ते असे काही बसवून द्यायचे की मास्तर दुकानातून बाहेर पडताना रस्त्यातल्या प्रत्येक काचेत डोकावत जायचे. अशा माणसाला म्हातारपणी हरवलं कोणी? तर कापशीने.

कापशी म्हणजे त्यांची कुत्री. रंगाने पांढरी आणि अंगाने पिंजलेल्या कापसासारखी, म्हणून कापशी. पिल्लू असताना ती एके सकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली ती उठलीच नाही. नऊ वर्षं गिऱ्हाइकांच्या बाकाखाली तिने मुक्काम ठोकला. तिचे केस गळतात हे तात्यांना कधी कळलंच नाही, कारण सलूनच्या फरशीवर केसांचा दुष्काळ कधी होता? तिचे किती आणि गिऱ्हाइकांचे किती, हे कोण निवडत बसणार! संध्याकाळी झाडू फिरला की सगळे एकाच सुपात.

मग तात्यांच्या गुडघ्यांनी संप केला. उभं राहवेना, तेव्हा दुकान बंद झालं आणि तात्या मुलीकडे राहायला आले. येताना तीनच गोष्टी आणल्या: हत्यारांची पेटी, दुकानातली फिरती खुर्ची आणि कापशी.

मुलगी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, कापडाचे तागे, भिंतीला लांबच लांब दांडा आणि दांड्यावर टांगलेले कोट. आणि कसले कोट? तर वकिलांचे. काळेभोर. आता पांढरी कुत्री आणि काळे कोट एका घरात नांदवायचे म्हणजे काय होणार, ते सांगायला ज्योतिषी नको.

हवा पालटली आणि कापशी गळायला लागली. गळायला म्हणजे किती? सकाळी झाडलं की दुपारपर्यंत खोलीच्या कोपऱ्यात आणखी एक कापशी जमलेली. जावईबापू एकदा म्हणाले, "तात्या, आपण पाळलीय एक, पण दिसतात तीन." मुलीला मात्र हसू येत नव्हतं. कोट चिकटपट्टीने साफ करून करून तिची बोटं दुखायला लागली होती.

त्यातच एका सोमवारी वकीलबाई आल्या. या बाईंच्या कचेरीतल्या बारा जणांचे कोट मुलीकडे शिवायला होते, आणि नमुन्याचा पहिला कोट बाई आठवड्यापूर्वीच घेऊन गेल्या होत्या. तो त्यांनी टेबलावर पसरला. पाठीवर पांढरे केस कसे, तर सुगीनंतर शेतात काड्या पडाव्यात तसे.

"कोर्टात उभी राहिले," बाई म्हणाल्या, "तर समोरचा वकील काय म्हणतो? म्हणतो, बाई, साक्षीदाराला मांडीवर बसवून आणलंत वाटतं!"

मुलीचा चेहरा गोरामोरा झाला. "पुन्हा नाही होणार, ताई."

"शनिवारी बाराही कोट न्यायला येते. एक केस जरी दिसला ना, तरी पुढचं काम दुसरीकडे देईन. राग मानू नका हं." एवढं बोलून बाई गेल्या.

टेबलावरचा कोट पुढे ओढून मुलगी त्यावरचे केस चिकटपट्टीने उचलायला लागली. मग तात्यांकडे न बघताच म्हणाली, "तात्या, रविवारी दादा टेम्पो घेऊन इकडून जाणार आहे. कापशीला त्याच्या शेतावर पाठवू या. मोकळं रान आहे, सुखात राहील."

दादा म्हणजे तात्यांचा पुतण्या. त्याचं शेत तासा-दीड तासावर. तात्यांचे गुडघे तेवढा प्रवास वर्षातून एकदा करतील तर करतील.

"तिला रानाची सवय नाही गं," तात्या म्हणाले. "तिला बाकाची सवय आहे."

"मग मी काय करू, ते तुम्हीच सांगा. मला काय हौस आहे का?"

तात्या उठले आणि त्यांनी पेटी उघडली. "शनिवारपर्यंत थांब. चव्वेचाळीस वर्षं केसांतच गेली माझी. हेही केसच आहेत ना?"

मंगळवारी त्यांनी पेटीतले सगळे कंगवे एकामागून एक चालवून पाहिले. कंगवे वरच्या वरच फिरायचे, कापशी सुखाने डोळे मिटायची आणि उठून अंग झाडलं की खोलीभर बर्फ. मग बारीक दातांची फणी घेतली, तिचे चार दात मोडले. मानेवरचे केस झाडायचा मऊ ब्रश घेतला, तर कापशीला वाटलं लाड चाललेत, आणि ती उताणी पडून पोट पुढे करून बसली. बुधवारी बाजारात जाऊन एक रबरी हातमोजा आणला. तो चांगला म्हणावा तर त्याने निघालेले केस तात्यांच्याच सदऱ्यावर. मुलगी म्हणाली, "तात्या, तुम्ही तिकडेच उभे राहा. कोटांजवळ येऊ नका. आता मला दोघांची भीती."

तेव्हा तात्यांना रिसालदार आठवला. रिसालदार हा कुठल्याही फौजेत नव्हता. मैदानाच्या कडेला त्याचा घोड्यांचा तबेला होता आणि मिश्या अशा होत्या, की लोकांनी पदवी देऊन टाकली. त्या मिश्यांना तीस वर्षं आकार दिला तात्यांनीच. तात्यांनी तबेला गाठला आणि कापशीचं गाऱ्हाणं सांगितलं.

"अरे, घोडा नाही का केस टाकत?" रिसालदार म्हणाला. "पण घोड्याचा खरारा कुत्र्याला नको, कातडं नाजूक असतं. थांब." त्याने खुंटीवरून एक वस्तू काढून दिली. लाकडी मूठ आणि पुढे लोखंडी दातांची एक ओळ. शेतातला पालापाचोळा ओढायच्या दाताळ्याचं जणू तान्हं बाळ. "आमच्या तबेल्यातल्या केसाळ कुत्र्यासाठी होतं. तो गेला बिचारा. घेऊन जा. पण एक लक्षात ठेव…"

"हं, हं," तात्या म्हणाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सलूनमध्ये माणूस खुर्चीत बसला की बोलत सुटतो. घरची भांडणं, साहेबाचा जाच, पोटाच्या तक्रारी. सगळं ऐकत बसलं तर वस्तरा कानात जायचा. म्हणून तात्यांनी फार वर्षांपूर्वी एक कला साधली होती: हात कामात, नजर कामात, आणि तोंडाने "हं, हं." समोरच्याला वाटावं, काय मन लावून ऐकतोय! रिसालदार बोलत होता, तात्या दाताळं उलटसुलट करून बघत होते आणि "हं, हं" चाललं होतं. एक अक्षरही कानात शिरलं नाही.

वाटेत त्यांनी दातांवर अंगठा फिरवला. दात बोथट. अगदी ठोंबे. तात्यांनी कपाळावर आठी घातली. बोथट हत्यार हातात धरायचं म्हणजे त्यांना उष्ट्या ताटावर जेवायला बसल्यासारखं वाटे. घरी आल्या आल्या दगड भिजवला, चामड्याचा पट्टा खिळ्याला अडकवला आणि एकेक दात असा लखलखीत केला, की त्यावर दाढी करून घ्यावी.

गुरुवारी सकाळी अंगणात कापशीला पुढ्यात घेतलं आणि पहिला हात मारला. केसांचा हा ढीग! दुसरा हात, दुसरा ढीग. "अगं ए, बाहेर ये, बघ बघ!" तात्यांनी मुलीला हाक मारली. ती दारात येते तोच कापशी किंचाळली. एक झटका देऊन सुटली आणि घरात शिरून थेट मशीनखाली जाऊन बसली.

तात्यांनी हातातले केस उजेडात धरले. केस गळलेले नव्हते, कापलेले होते. जाग्यावर घट्ट असलेले लांब, चांगले केस धारेने सपासप कापले गेले होते. आत जाऊन वाकून बघतात तो कापशीच्या पाठीवर बोटभर रुंद पट्टा उघडा पडलेला आणि कातडीवर एक लाल रेघ. त्यांनी हात पुढे केला. कापशी मागे सरकली.

नऊ वर्षांत ती त्या हातापासून पहिल्यांदाच मागे सरली होती.

मुलगीही गुडघे टेकून बसली. तिने रेघेवर मलम लावलं, कापशीने तिला लावू दिलं. मुलीने दोन शब्द सुनावले असते तर तात्यांना बरं वाटलं असतं.

तात्या तसेच दुखऱ्या गुडघ्यांनी तबेल्यात गेले. "रिसालदार, काल तू मला काय सांगत होतास?"

"कधी?"

"ते 'एक लक्षात ठेव' म्हणालास ना, त्याच्या पुढचं."

रिसालदार त्यांच्याकडे बघतच राहिला. "अरे, तू तर सारखा हं हं करत होतास! मी म्हटलं, तू धारेतला माणूस, पण याला धार लावू नकोस. तुझ्या कुत्रीच्या अंगावर दोन पांघरुणं असतात. वरचं लांब, ते तिचं. आतलं मऊ लोकरीसारखं, ते तिनेच सोडून दिलेलं असतं, फक्त अडकलेलं. बोथट दात वरच्यातून सरकतात आणि आतलं तेवढं बाहेर काढतात. यात कापायचं काही नाहीच." मग तो थांबला. "तात्या, खरं सांग. तीस वर्षं मी माझ्या घरची सगळी गाऱ्हाणी तुला सांगितली. ती तरी ऐकलीस का?"

"तुझ्या मिश्या बघ आरशात," तात्या म्हणाले, "आणि मग बोल."

पण घरी येईपर्यंत त्यांचं हसू मावळलं होतं. त्या दुपारी अंगणाच्या पायरीवर बसून तात्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. खरबरीत दगड घेतला आणि दातांची धार मोडायला बसले. एकेक दात घासून घासून गोल केला. मध्येच स्वतःच्या हातावर ओढून बघायचे, मग गालावर, मग कानामागे, जिथे कातडी सगळ्यात पातळ असते. मुलगी आतून बघत होती. हत्यार बोथट करणारा बाप तिने आधी कुठे बघितला होता?

शुक्रवारी दाताळं तयार होतं, पण कापशी तयार नव्हती. तात्यांनी मग मुलीच्या मदतीने आपली फिरती खुर्ची अंगणात आणली, दाताळं मांडीवर ठेवलं आणि नुसतेच बसून राहिले. तासभर गेला. मग बोलायला लागले. आजवर लोकांचं ऐकल्यासारखं केलं, आज स्वतः बोलले: दुकानाबद्दल, मास्तरांच्या केसांबद्दल, चुकलं त्याबद्दल. बोलता बोलता खुर्चीच्या खालून एक गार नाक त्यांच्या घोट्याला लागलं. बाकाखालची जुनी सवय. कापशी खुर्चीखाली येऊन बसली होती.

तात्यांनी आधी दाताळं तिला हुंगू दिलं. मग मानेपासून, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने एक ओढ. दातांत मऊ पांढरी लोकर आली, आणि वरचा एकही केस तुटला नाही. दुसरी ओढ. कापशीने मान लांब करून डोळे मिटले. संध्याकाळपर्यंत दोन पिशव्या भरल्या. मुलीने काळ्या कापडाचा एक तुकडा आणून कापशीच्या अंगावरून खसाखसा घासला आणि उजेडात धरला. तीन केस.

"गळणं थांबणार नाही हं," तात्या प्रामाणिकपणे म्हणाले. "पण रोज सकाळी अंगणात विंचरीन. खोलीत पडायचे ते इथेच काढून घेईन."

मुलगी तुकड्याची घडी घालत राहिली. "आधी उद्याचे कोट जाऊ देत," एवढंच म्हणाली.

शनिवारी वकीलबाई आल्या. खिडकीपाशी नेऊन एकेक कोट उलटसुलट बघायला लागल्या. एक झाला, पाच झाले, अकरा झाले. बाराव्या कोटाच्या कॉलरवरून त्यांनी चिमटीत काहीतरी उचललं. पांढरं.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "सांगितलं होतं मी."

दारातून कापशी मान वर करून बघत होती. तात्या पुढे आले. "जरा बघू?" त्यांनी तो केस उजेडाला धरला आणि दोन बोटांत फिरवला.

"बाई, हा तिचा नाही."

"मग कोणाचा?"

"कुत्र्याच्या केसाचं टोक निमुळतं असतं. हा कात्रीने आडवा कापलाय, कापून महिना झाला असेल. आणि पांढरा आहे तो मुळाशी बोटभरच. पुढे काळा. रंग लावलेला." तात्यांनी आवाज खाली आणला. "डाव्या कानामागचा असावा. तिथे मुळाशी रंग लावायचा नेहमी राहून जातो."

वकीलबाईंचा हात आपसूक डाव्या कानामागे गेला. मग बाईंना असं हसू फुटलं, की त्यांना मशीनजवळच्या स्टुलावर बसावं लागलं. "चाळीस उलटतपासण्या घेतल्या असतील मी," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पण आज घरबसल्या माझीच झाली!"

जाताना बाराही कोट घेऊन गेल्या, आणि पुढच्या कामाचं कापड सोमवारी पाठवते म्हणाल्या.

त्या वळणाआड गेल्यावर मुलीने फोन उचलला. "दादा, उद्या ये जेवायला. हो, टेम्पो रिकामाच ने. नाही, काही न्यायचं नाहीये." मग फोन ठेवून बापाला म्हणाली, "तात्या, उद्यापासून अंगणात विंचरताना सदऱ्यावर काहीतरी घाला. अस्तराच्या कापडाचा एक झगा शिवते तुमच्यासाठी. दुकानात घालायचात तसा."

"पांढरा शीव," तात्या म्हणाले.

"पांढराच शिवणार. काळा शिवायला मी काय वेडी आहे?"

तात्यांनी खुर्ची एकदा गर्रकन फिरवून बघितली आणि तेलाची बाटली शोधायला लागले. सकाळी नऊचं गिऱ्हाईक होतं.